मुला-मुलींना उडायचंय, आई-वडिलांनी काय पाहावे?

हजच्या दिवसांत मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळाबाहेर उभे राहिले की एक गोष्ट हमखास दिसते. एका हाजीला पोहोचवायला पंधरा-वीस माणसे आलेली असतात. मोठी माणसे गळाभेट घेऊन दुआची विनंती करतात, बायका पदराने डोळे पुसतात आणि पोरांचे लक्ष मात्र दूर दिसणाऱ्या विमानाच्या शेपटीकडे असते. त्यातल्या बहुतेकांचे हे वेड दोन दिवसांत ओसरते. एखाद्याचे मात्र दहावी-बारावीपर्यंत टिकते आणि मग एका संध्याकाळी घरात वाक्य येते, "अब्बा, मला पायलट व्हायचंय."

यावर आपल्या घरांत साधारण दोन प्रकार होतात. पहिला म्हणजे, "बेटा, ते पैसेवाल्यांचं काम, तू आपला बी.कॉम. कर," असे सांगून विषय बंद. दुसरा अधिक महागाचा. वर्तमानपत्रात किंवा मोबाईलवर दिसलेल्या पहिल्याच संस्थेत बाप जातो, गुळगुळीत माहितीपत्रक पाहतो आणि पहिला हप्ता भरून येतो. दोन्ही ठिकाणी चौकशी झालेलीच नसते. या क्षेत्रात पन्नास-साठ लाखांची वाट आहे, तशीच काही हजारांची आणि अगदी फुकटचीही आहे. त्या बहुतेक महाराष्ट्रातच सुरू होतात.

तसे पाहिले तर भारतातल्या नागरी विमानसेवेची मुळेच आपल्याकडची. मुंबईतील जुहूचा विमानतळ १९२८ चा. बॉम्बे फ्लाइंग क्लबही त्याच साली सुरू झाला आणि तिथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना फेब्रुवारी १९२९ मध्ये देशातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन विमान उतरवले ते जुहूलाच.

आता पायलटकीचे पाहू. प्रवासी विमान चालवण्यासाठी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवाना लागतो. तो देणारे सरकारी खाते म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. सगळे त्याला डीजीसीए म्हणतात. वय किमान १८ वर्षे आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे. कॉमर्स-आर्ट्स केलेल्या मुलांना अनेक ठिकाणी "तुझं काही होणार नाही" असे सांगून परत पाठवतात. ते खरे नाही. हे दोन विषय एनआयओएसच्या म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेतून नंतर देता येतात आणि कित्येक पायलट त्याच वाटेने गेले आहेत. शिकाऊ परवाना वयाच्या १६ व्या वर्षी मिळू शकतो.

मग दोन कामे समांतर चालतात. एक अभ्यासाचे. हवाई दिशाशोधन, हवामान, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या डीजीसीएच्या लेखी परीक्षा. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण लागतात. ३५ टक्क्यांवर सुटण्याची सवय असलेल्या मुलाने हा आकडा नीट वाचावा. शिवाय रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना आणि इंग्रजीची ठरावीक पातळी. उर्दू किंवा मराठी माध्यमातल्या मुलाला ही पातळी गाठता येते. साहित्यिक इंग्रजी इथे लागत नाही, स्पष्ट आणि मोजके बोलता आले पाहिजे. दुसरे काम प्रत्यक्ष उडण्याचे. एकूण २०० तास. त्यांतले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून, काही तास रात्रीचे, काही केवळ यंत्रांवर नजर ठेवून आणि ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवास.

पण या सगळ्याच्या आधी एक पायरी आहे आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. वैद्यकीय तपासणी. आधी वर्ग दोनची, डीजीसीएच्या यादीवरच्या डॉक्टरकडे. मग वर्ग एकची, ती ठरावीक केंद्रांवरच होते. डोळे, कान, हृदयाचा आलेख, रक्त-लघवी, सगळे पाहतात. चष्मा आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. चष्म्याने नजर पूर्ण होत असेल तर चालते. रंग ओळखण्यातला दोष मात्र घात करतो. लाल-हिरव्यात गोंधळ होणाऱ्या मुलाला ते स्वतःलाही ठाऊक नसते, कारण रोजच्या जगण्यात त्याचे काही अडत नाही. रायगडकडच्या एका कुटुंबाची हकीकत कानावर आली. वडील आखातातून परतलेले. साठवलेल्या पैशांतून मुलाचे ग्राउंड क्लासचे पैसे भरले, हॉस्टेलचे भरले, संस्थेची नोंदणी केली आणि सहा महिन्यांनी वर्ग एकच्या तपासणीत रंगदोष निघाला. पैसे परत मिळाले ते जेमतेम. गावातल्या डोळ्याच्या डॉक्टरकडे ठिपक्यांच्या आकड्यांचे पुस्तक पाहायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कोणी दिली नाहीत. म्हणून कोणत्याही संस्थेला एक रुपया देण्याआधी वर्ग एकचा निकाल हातात घ्यावा. "आधी प्रवेश घ्या, मेडिकल नंतर होईल," असे म्हणणाऱ्या संस्थेतून सरळ उठून यावे.

खर्चाचे स्पष्टच बोलू. भारतात सीपीएलसाठी आज साधारण ४५ ते ६० लाख रुपये लागतात. आणि इथे माहितीपत्रके गप्प बसतात ती गोष्ट अशी, की एवढ्यावर नोकरी मिळत नाही. सीपीएल दोन-चार आसनी छोट्या विमानांवर होते. एअरबस किंवा बोईंग चालवायला त्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे आणखी १२ ते २० लाख. परवाना खिशात आणि नोकरी नाही अशी मुले दर वर्षी असतात. विमान कंपन्यांचे स्वतःचे कॅडेट कार्यक्रम आहेत. त्यांत नोकरीचा भरवसा जास्त, पण खर्च कोटीच्या आसपास जातो.

एवढा पैसा आणायचा कुठून? बँका शैक्षणिक कर्ज देतात, मात्र साडेसात लाखांच्या वर बहुधा तारण मागतात. राहते घर तारण ठेवायचे का, हा एक प्रश्न. व्याजाचा दुसरा प्रश्न आपल्या बऱ्याच घरांत त्याहून मोठा असतो. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून कमी दराने शैक्षणिक कर्ज मिळते, पण त्याची मर्यादा पायलटच्या खर्चापुढे तोकडी पडते. विमान दुरुस्तीसारख्या अभ्यासक्रमाला ते अधिक उपयोगी. जमीन विकून पायलट करायचे असेल तर सगळ्या भावंडांना बसवून बोलावे. एका मुलाच्या २०० तासांत बहिणींचाही वाटा उडत असतो, हे कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवे.

महाराष्ट्रात उडायला शिकवणाऱ्या जागा बऱ्याच आहेत. बॉम्बे फ्लाइंग क्लबचे कार्यालय जुहूला, उड्डाणे धुळ्यात. धुळे जिल्ह्यातच शिरपूरला एक अकादमी आहे. बारामतीच्या धावपट्टीवर वर्षानुवर्षे प्रशिक्षण चालते. गोंदियाजवळ बिरसीला राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आहे. नागपूर फ्लाइंग क्लब राज्य सरकारच्या अखत्यारीतला. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाने मोठी प्रशिक्षण संस्था उभारण्याचे जाहीर केले आहे. राज्याबाहेरची, पण सरकारी आणि नावाजलेली म्हणजे उत्तर प्रदेशातील फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी. तिथे प्रवेश परीक्षा देऊन जावे लागते.

नाव ऐकून संस्था निवडू नये. डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, ती आधी पाहावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून डीजीसीए या संस्थांना श्रेणीही लावू लागले आहे. गंमत म्हणा की खंत, पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था बसली नाही. त्यामुळे "आम्ही भारतात नंबर एक" या पाटीवर विसंबण्यात अर्थ नाही. स्वतः धावपट्टीवर जावे. आज उडू शकतील अशी विमाने किती, हे विचारावे. शेडमध्ये सुट्या भागांची वाट पाहत उभी असलेली विमाने मोजू नयेत. एका विमानामागे विद्यार्थी किती, शिक्षक किती? आणि मुख्य म्हणजे कार्यालयाबाहेर चहाच्या टपरीवर शिकणाऱ्या मुलांना गाठून विचारावे, "भाई, तुझे २०० तास किती महिन्यांत झाले?" पावसाळ्यात उड्डाणे मंदावतातच, पण वर्षाचे काम तीन वर्षे लांबले तर हॉस्टेल आणि जेवणाचा खर्चच घर बसवतो. फी एकरकमी देऊ नये. तास उडतील तसे पैसे, आणि प्रत्येक रकमेची पावती.

मुलीने पायलट व्हायचे म्हटले तर घरात आणखी एक सभा भरते. एका घरातल्या अशा सभेत फुफी म्हणाल्या, "अरे, रात्री-बेरात्री कुठल्या कुठल्या शहरात राहणार ती? रिश्ता कसा येणार?" यावर मुलीची दादी, जी उमरा करून आलेली, शांतपणे म्हणाली, "मी ज्या विमानाने गेले त्यात पुढे बाईच बसली होती. तिचाही रिश्ता झाला असेलच की." सभा तिथेच संपली असे नाही, पण सूर बदलला. दादीचे निरीक्षण बरोबरही आहे. भारतातल्या वैमानिकांत महिलांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे आणि जगाच्या सरासरीच्या मानाने ते फार मोठे आहे.

हैदराबादच्या सय्यदा सल्वा फातिमा यांचे उदाहरण आपल्या वाचकांपैकी काहींना माहीत असेल. वडील बेकरीत कामाला. 'सियासत' या उर्दू दैनिकाने शिक्षणाचा भार उचलला. परवाना मिळायला वर्षे लागली. मध्ये लग्न झाले, मुलगी झाली. पुढच्या महागड्या प्रशिक्षणाला तेलंगणा सरकारने हात दिला आणि अखेर त्या प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्या, डोक्यावर हिजाब ठेवून. त्यांच्या कथेतला यशाचा भाग सगळे सांगतात. आम्हाला मधला भाग महत्त्वाचा वाटतो, परवाना आणि नोकरी यांच्यातली ती रिकामी वर्षे. तेवढा दम घरच्यांत आहे का, हे सुरुवातीलाच पाहावे.

एवढा पैसा नसेल आणि मूल अभ्यासात तयार असेल तर सर्वांत चांगला रस्ता पुण्याच्या खडकवासल्यातून जातो. एनडीएची परीक्षा लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित. प्रशिक्षणाची फी नाही. २०२२ पासून मुलींनाही तिथे प्रवेश आहे आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. मिर्झापूरजवळच्या जसोवर गावची सानिया मिर्झा (टेनिसवाली नव्हे) २०२२ मध्ये निवडली गेली. वडील टीव्ही दुरुस्त करणारे, शिक्षण हिंदी माध्यमात. या परीक्षेच्या तयारीसाठी छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था १९७७ पासून चालते. तिथे दहावीनंतर मुले घेतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. आपल्या मोहल्ल्यांत हिची माहिती फार कमी पोहोचते, याचे वाईट वाटते.

विमान उडवणाऱ्याइतकाच मान ते उडण्यायोग्य ठेवणाऱ्याला असायला हवा. विमान देखभाल अभियंत्याच्या सहीशिवाय विमान जागचे हलत नाही. बारावी भौतिक-रसायन-गणित किंवा अभियांत्रिकी पदविकेनंतर हा अभ्यासक्रम करता येतो. वर्गातले शिक्षण आणि प्रत्यक्ष काम धरून अडीच-तीन वर्षे आणि खर्च पायलटच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. इथेही संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का हे पाहावे. नुसत्या 'एरोनॉटिकल' नावाच्या पदवीने परवाना मिळत नाही, त्याच्या विषयवार परीक्षा वेगळ्या. नागपूरच्या मिहानमध्ये विमान दुरुस्तीचे मोठे केंद्र आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तिथे सुखोई लढाऊ विमाने तयार झाली. आयटीआय झालेल्या मुलांसाठी तिथे शिकाऊ उमेदवारीच्या जाहिराती निघतात. गॅरेजमध्ये ज्याचा हात बसला आहे, अशा मुलाने फिटरचा कोर्स करून या जाहिरातीवर डोळा ठेवावा. फी नाही, उलट विद्यावेतन मिळते.

बी.एस्सी. भौतिकशास्त्र-गणित केलेल्यांना हवाई वाहतूक नियंत्रकाची नोकरी ठाऊकच नसते. मनोऱ्यात बसून विमानांना वाट देणारा तो माणूस. भारतीय विमानतळ प्राधिकरण यासाठी स्पर्धा परीक्षा घेते आणि निवड झाल्यावर प्रशिक्षण देते. त्यांची एक प्रशिक्षण संस्था गोंदियात आहे. वयोमर्यादा २७, ओबीसींना तीन वर्षांची सवलत. बागवान, मोमीन, तांबोळी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या ओबीसीत येतात. मात्र केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. जाहिरात आल्यावर तहसील कार्यालयात धावू नये, तो आधीच काढून ठेवावा.

ड्रोनचेही आता रीतसर प्रशिक्षण आहे. दहावी पास आणि १८ वर्षे पूर्ण, एवढी अट. मान्यताप्राप्त संस्थेत आठवडाभराचा अभ्यासक्रम आणि खर्च काही हजारांत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही हे शिकवले जाते. शेतातली फवारणी, जमिनीची मोजणी, लग्नाचे चित्रीकरण, कामे वाढत आहेत. बचत गटातल्या महिलांसाठी केंद्राची 'नमो ड्रोन दीदी' योजना आहे. त्यात ड्रोनसाठी ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आणि प्रशिक्षण मिळते. आपल्या भगिनींच्या बचत गटांनी पंचायत समितीत विचारायला हरकत नाही.

एअर होस्टेस आणि 'ग्राउंड स्टाफ'च्या क्लासेसबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यापासून पनवेल, तळोजा, मुंब्रा भागात "विमानतळावर शंभर टक्के नोकरी" अशा पाट्या उगवल्या आहेत. लाख-दीड लाख फी. यातल्या बहुतेक कामांना बारावी, नीट बोलणे आणि शिफ्टची तयारी एवढेच लागते आणि निवडलेल्यांना कंपनी स्वतः प्रशिक्षण देते. खरी विमान कंपनी नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे मागत नाही. व्हॉट्सअॅपवर नियुक्तिपत्र पाठवून 'गणवेशाची अनामत' मागणारा ठगच समजावा.

आता ज्यांना नोकरी नको, फक्त एकदा पक्ष्यासारखे तरंगून पाहायचे आहे त्यांच्यासाठी. पुण्या-मुंबईच्या दरम्यान कामशेतला ऑक्टोबर ते मे पॅराग्लायडिंग चालते. शिक्षकासोबत जोडीने उडण्याला काही हजार रुपये लागतात. दोन-तीन दिवसांचे प्राथमिक शिक्षणही मिळते. चालकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, हे विचारावे. २०२१ च्या राज्याच्या धोरणानुसार ती लागते. वारा बरोबर नसल्यास उड्डाण रद्द करणारा चालक चांगला, त्याच्याशी भांडू नये. पुण्यात हडपसरला केंद्र सरकारचे ग्लायडिंग सेंटर आहे. तिथल्या विमानाला इंजिनच नसते. जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढून ते वर चढवतात आणि मग ते हवेवर तरंगत उतरते. जाण्याआधी उड्डाणे चालू असल्याची खात्री फोन करून घ्यावी. लहान मुलांना मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात न्या. अंगणात 'मारुत' हे भारतीय बनावटीचे लढाऊ विमान उभे आहे आणि पंखाखाली उभे राहून प्रश्न विचारायला काही बंदी नाही.

आणि पूर्णपणे फुकटची वाट शेवटी सांगतो, कारण ती सगळ्यांत जास्त चुकते. एनसीसीचा हवाई विभाग. मुंबई, पुणे आणि नागपूरला त्याची पथके आहेत आणि त्यांतल्या कॅडेटना छोट्या मायक्रोलाइट विमानात उडण्याची संधी मिळते. शाळेत आठवी-नववीला किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षी नाव द्यावे लागते. 'सी' प्रमाणपत्र मिळवलेल्यांना हवाई दलात विशेष प्रवेशाचा मार्गही असतो. प्रत्येक कॉलेजात हवाई विभाग नसतो, म्हणून जून-जुलैत प्रवेश घेतानाच कार्यालयात नेमके विचारावे : एनसीसी आहे का, आणि आहे ती पायदळाची की हवाई? जागा थोड्या असतात, निवडीला धावायला लावतात. मुलीही घेतात.